आठ आठवडे, एक वही आणि दर आठवड्याचा फोन: हृदयविकारानंतरच्या सकारात्मक मानसशास्त्र कार्यक्रमाचं परीक्षण

हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणूस घरी येतो तेव्हा हातात गोळ्यांची यादी असते, पथ्याचा कागद असतो, पुढच्या तपासणीची तारीख असते. मनाबद्दल मात्र एकच वाक्य कानावर पडलेलं असतं: ‘आता टेन्शन घेऊ नका.’ ते कसं घ्यायचं नाही, हे कुणी सांगत नाही. ही रिकामी जागा भरायला तयार झालेला कार्यक्रम म्हणजे सकारात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे आनंद, आशा, कृतज्ञता अशा चांगल्या भावना वाढवण्याच्या अभ्यासाचा, आठ आठवड्यांचा फोन-कार्यक्रम. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेफ हफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खास हृदयरुग्णांसाठी बांधला आणि ‘पीस’ या नावाच्या चाचण्यांमधून टप्प्याटप्प्याने तपासला. हे परीक्षण त्या बांधणीचं आहे. त्याच धर्तीवर चालणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला ते लावून पाहता येईल.

निकाल आधीच सांगतो. कार्यक्रम घेण्यासारखा आहे, पण दोन अटींवर. दर आठवड्याला फोन करणारा जिवंत माणूस हवा, आणि प्रत्येक फोनचा शेवट ‘या आठवड्यात किती चालणार’ या आकड्यावर व्हायला हवा. यातलं एक जरी गळलं तरी हातात उरते ती फक्त एक छान वही.

हातात काय मिळतं

एक छापील पुस्तिका, लिहायला जागा, पावलं मोजायचं साधन आणि आठवड्याला साधारण अर्ध्या तासाचा एक फोन. पुस्तिकेत दर आठवड्याला एक व्यायाम असतो. इथे व्यायाम म्हणजे मनाचा: घडलेल्या चांगल्या घटना टिपणं, स्वतःचे गुण ओळखून मुद्दाम वापरणं, आभाराचं पत्र लिहिणं, आनंद देणाऱ्या आणि अर्थपूर्ण वाटणाऱ्या गोष्टी ठरवून करणं, पूर्वी मिळवलेलं यश आठवणं, दुसऱ्यासाठी काही करणं. काही आवृत्त्यांत ‘सगळं नीट जुळून आलं तर माझं पुढचं आयुष्य कसं असेल’ हेही लिहायला देतात. हा व्यायाम मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग यांच्या 2001 च्या प्रयोगातून आलेला आहे. त्या प्रयोगात लोकांनी सलग चार दिवस, रोज वीस मिनिटं लिहिलं होतं.

प्रत्येक व्यायामाला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे असतात. करण्याआधी मन किती प्रसन्न होतं, नंतर किती झालं, व्यायाम किती सोपा वाटला, किती उपयोगी वाटला. बऱ्याच जणांना हा शाळकरी प्रकार वाटतो आणि ते रकाने कोरे सोडतात. सोडू नयेत. फोन करणाऱ्याला दिशा मिळते ती याच आकड्यांवरून. ‘उपयोगी 8, सोपा 3’ असेल तर व्यायाम ठेवायचा आणि लहान करायचा. ‘सोपा 9, उपयोगी 2’ असेल तर तो सोडून पुढे जायचं.

पहिल्या आठवड्याची नोंद, जवळून

पहिला व्यायाम सगळ्यांत सोपा असतो: घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या. 2005 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून घेतलेल्या चाचणीत हा व्यायाम आठवडाभर रोज रात्री करायला दिला होता आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. त्याच चाचणीत आभाराच्या पत्राचा परिणाम लगेच आणि मोठा होता, पण महिनाभरानंतर ओसरत गेला. क्रम ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. रोजची भाकरी म्हणजे नोंद, आणि पत्र हे सणाचं पक्वान्न.

नोंद कशी बिघडते ते पाहा. ‘आज बरं वाटलं. मुलगी आली. जेवण चांगलं झालं.’ तीन ओळी झाल्या, व्यायाम झाला नाही. यात कारण नाही, रुग्णाचा स्वतःचा हात नाही, आणि उद्या पुन्हा करता येईल असं काही नाही. आता हीच नोंद अशी: ‘संध्याकाळी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावं लागलं नाही. गेले पाच दिवस दुपारी दहा मिनिटं चाललो म्हणून. वर पोचल्यावर मुलीला दारात उभं राहून हसताना पाहिलं.’ इथे घटना नेमकी आहे, कारण स्वतःच्या पावलांशी जोडलेलं आहे, आणि भावनेला एक चित्र मिळालंय. चांगला फोन-मार्गदर्शक पहिल्याच आठवड्यात हा फरक दाखवून देतो. वाईट मार्गदर्शक ‘व्वा, छान’ म्हणून पुढे सरकतो.

बायपासनंतर पहिले काही आठवडे वाचन आणि एकाग्रता कमी पडू शकते, हातही लवकर दमतो. तेव्हा लिहिण्याचा आग्रह नको. फोनवर बोललेलं मार्गदर्शकाने टिपून घेतलं किंवा रुग्णाने मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला तरी चालतं. पुस्तिकेतल्या कोऱ्या ओळी पाहून ‘माझ्याच्याने एवढंही होत नाही’ असं वाटू देणं, हे व्यायामाच्या अगदी उलट काम आहे.

फोनचा दुसरा अर्धा भाग

कार्यक्रमाची खरी किंमत इथे आहे. पहिली पंधरा मिनिटं व्यायामाची, उरलेली चालणं, खाणं, गोळ्या यांची. ही दुसरी पंधरा मिनिटं उपदेशाची नसतात. प्रेरक संवाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने ती चालतात आणि तिचा एक प्रश्न ऐकला की पद्धत कळते.

‘या आठवड्यात रोज वीस मिनिटं चालाल याची खात्री दहापैकी किती?’
‘चार.’
‘चार का? दोन का नाही म्हणालात?’

आता रुग्णाला दोन आणि चारमधलं अंतर स्वतःच्या तोंडाने भरावं लागतं: ‘नाही, मागच्या आठवड्यात चार दिवस गेलो होतो की. आणि सकाळी गेलं तर दम कमी लागतो.’ बाजू मांडणारा तोच, पटवून घेणाराही तोच. ‘चारच? सात का नाही?’ असं विचारलं असतं तर त्याने अडचणींची यादी वाचली असती, आणि माणूस जे बोलतो त्याच्याकडेच झुकतो. फक्त प्रश्न उलटा विचारल्यामुळे चांगला कार्यक्रमही फसू शकतो.

यानंतर आकडा ठरतो. घरी आल्यावर सुरुवात साधारण पाच ते दहा मिनिटांच्या सपाट चालण्याने, दिवसातून दोन-तीनदा. मग दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटांची वाढ. हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नसेल तर पोचायचं ठिकाण म्हणजे आठवड्याला 150 मिनिटं मध्यम वेगाची हालचाल. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या सुरू असताना नाडीच्या ठोक्यांवर वेग ठरवू नये, कारण त्या ठोके मुळातच खाली धरून ठेवतात. पुस्तिकेत ‘पल्स इतकी हवी’ असा एकच आकडा सगळ्यांसाठी छापलेला दिसला तर ती पुस्तिका हृदयरुग्ण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाही, असं खुशाल समजावं.

आनंद आणि चालणं यांचा सांधा कसा बसवायचा, हे पुस्तिकेपेक्षा फोनवर जास्त ठरतं. स्वतःचे गुण ओळखण्याच्या आठवड्यात एखाद्याने ‘जिज्ञासा’ हा आपला गुण निवडला, तर त्याच्या चालण्याचा रस्ता रोज बदलायचा आणि परत आल्यावर एक नवी पाहिलेली गोष्ट सांगायची. ‘माया’ निवडली, तर नातवंडाला सोबत घेऊन चालायचं. ‘चिकाटी’ निवडली, तर मार्गदर्शकाने सावध व्हायचं. चिकाटीचा माणूस छातीत जडपणा आला तरी ठरलेली वेळ पुरी करायला बघतो. त्याच्यासाठी नियम कागदावर मोठ्या अक्षरात हवा: छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही आलं की थांबायचं, बसायचं, डॉक्टरांनी दिलेल्या सूचनेप्रमाणे औषध घ्यायचं, आणि दुखणं थांबत नसेल तर लगेच आपत्कालीन मदत बोलवायची. त्या क्षणी थांबणं हीच चिकाटी, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

जिथे घसरतं

आभाराचं पत्र हा सगळ्यांत नाजूक आठवडा. आजारपणात ज्या बायकोने किंवा भावाने रात्री जागवल्या, त्यांना पत्र लिहायला बसलं की आभाराच्या पाठोपाठ ओझंही वर येतं: ‘माझ्यामुळे यांना किती त्रास.’ पत्र अपराधाची कबुली होऊन बसतं. यावर उपाय मांडणीत आहे. पत्रात त्या माणसाने काय केलं, ते नेमकं कधी केलं आणि त्यामुळे आपल्याला काय करता आलं, एवढंच लिहायचं. ‘मी तुला त्रास दिला’ या वाक्याला पत्रात जागाच नाही. पत्र पाठवलंच पाहिजे असंही नाही. ज्याला लिहायचं तो माणूस हयात नसेल तरी लिहिता येतं, मात्र तसं असेल तर फोन दुसऱ्याच दिवशी ठेवावा, आठवडाभर थांबू नये.

दुसऱ्यासाठी काही करण्याच्या आठवड्यात चूक वेगळी होते. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या कामातून असं दिसलं होतं की पाच चांगल्या कृती आठवडाभर विखरून करण्यापेक्षा एकाच दिवशी केल्या तर आनंद जास्त जाणवतो. निरोगी तरुणांसाठी हे ठीक. बायपास होऊन महिना झालेल्या माणसाने एका दिवसात पाच कृती करायच्या म्हणून शेजाऱ्याची पिशवी उचलली तर छातीच्या हाडाच्या जखमेवर ताण येतो, आणि ते हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. अशा वेळी यादी बसल्या जागेची हवी: वॉर्डातल्या शेजारच्या रुग्णाला फोन, नातवाचा अभ्यास घेणं, कुणाचं तरी फॉर्म भरायचं काम. हृदयरुग्णांसाठीच्या चांगल्या आवृत्तीत संख्या कमी असते, आणि तीच योग्य आहे.

उज्ज्वल भविष्याचं लेखन लवकर दिलं तर उलटं फिरतं. दुसऱ्या आठवड्यात माणूस अजून गमावलेल्या शरीराचा शोक करत असतो. ‘सगळं उत्तम झालं तर’ या ओळीखाली तो झटक्याआधीचंच आयुष्य लिहितो आणि आजचा दिवस त्यापुढे फिका पडतो. हा व्यायाम पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर, आणि पूर्ण आयुष्याऐवजी पुढच्या सहा महिन्यांपुरता द्यावा.

सगळ्यांत मोठी घसरण मात्र कार्यक्रमाबाहेर होते. घरचे पुस्तिकेचं नाव वाचतात आणि दिवसभर ‘सकारात्मक राहा’ म्हणू लागतात. रुग्णाला रडू आलं तर ‘असा विचार केलास तर पुन्हा अ‍ॅटॅक येईल’ असंही म्हणतात. हे क्रूर आहे, आणि चूकही. भीती वाटणं, रात्री छातीवर हात ठेवून जागं राहणं, यात रुग्णाचा दोष नाही. कार्यक्रमात घरच्यांसाठी निदान एक फोन असावा आणि त्यात एवढं एकच सांगावं: आनंदाचा हुकूम सोडता येत नाही, त्याच्या नोंदीत आज काय होतं ते मात्र विचारता येतं.

पुरावा किती, आणि कशाचा

इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण जाहिरातींत आकडे सढळ हाताने वापरले जातात. 2019 मध्ये ॲलन रोझान्स्की आणि सहकाऱ्यांनी 15 अभ्यास एकत्र केले. 2,29,391 माणसं, आणि जास्त आशावादी असलेल्यांत हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनांचा धोका 35 टक्क्यांनी कमी. आकडा खरा आहे, पण तो मुळातच आशावादी असलेल्या माणसांचा आहे. आठ आठवड्यांत आशावाद शिकवला तर धोका तेवढा घटेल, असं त्यातून निघत नाही.

हफमन यांच्याच ‘ग्रेस’ अभ्यासात 164 हृदयरुग्ण होते. झटक्यानंतर दोन आठवड्यांनी ज्यांचा आशावाद जास्त होता, ते सहा महिन्यांनी जास्त हालचाल करत होते आणि हृदयाच्या कारणाने पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. कृतज्ञतेचा मात्र तसा संबंध दिसला नाही. हे वाचल्यावर आमची एक तक्रार नोंदवावीशी वाटते: बहुतेक पुस्तिकांत कृतज्ञतेला दोन-तीन आठवडे मिळतात आणि पुढे बघायला लावणाऱ्या, योजना आखायला लावणाऱ्या व्यायामांना एखादाच. तराजू दुसऱ्या बाजूला झुकवायला हवा.

शिकवून फरक पडतो का, याचं चांगलं उत्तर 2012 मध्ये न्यूयॉर्कहून आलं. अँजिओप्लास्टी झालेले 242 रुग्ण होते. दोन्ही गटांना माहिती-पुस्तिका आणि हालचालीचा करार दिला. एका गटाला त्याशिवाय छोट्या आनंदाच्या गोष्टी मुद्दाम मनात आणायला आणि कठीण दिवशी अभिमानाचे क्षण आठवायला शिकवलं, अधूनमधून टपालाने लहानशी अनपेक्षित भेटही पाठवली. वर्षाअखेर हालचालीत ठरवलेली वाढ गाठणारे या गटात सुमारे 55 टक्के होते, दुसऱ्या गटात 37 टक्के. लक्षात घ्या, फरक पडला तो हालचालीत. या पद्धतीने मृत्यू टळतात असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही, आणि जो कार्यक्रम तसं छापतो त्याला पैसे देऊ नयेत.

मनावरच्या उपचारांनी हृदय वाचवण्याचा मोठा प्रयत्न आधी झालेला आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एनरिच्ड’ चाचणीत 2,481 रुग्ण होते. विचार-वर्तन उपचारांनी नैराश्य आणि एकटेपण कमी झालं, पण मृत्यू आणि पुन्हा येणाऱ्या झटक्यांत फरक पडला नाही. म्हणूनच या नव्या कार्यक्रमाने मनाला थेट चालण्याशी आणि गोळ्यांशी बांधलं, हे आम्हाला त्याचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

कुणी घेऊ नये, किंवा आधी काय करावं

नैराश्य हा वेगळा आजार आहे आणि ही वही त्याचं औषध नाही. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला गंभीर नैराश्य येतं. 1993 मध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी 222 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांचा सहा महिन्यांतला मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी जास्त आढळला होता. म्हणून पहिल्या फोनच्या आधी पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी व्हायलाच हवी. 10 किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. कार्यक्रम त्यानंतर उपचारांच्या सोबत चालू शकतो, उपचारांच्या जागी नाही.

एक बारीक गोष्ट इथे हमखास चुकते. थकवा, मोडलेली झोप, भूक मंदावणं ही नैराश्याची लक्षणं आहेत, तशीच ती झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांची आणि काही गोळ्यांचीही आहेत. त्यामुळे नुसत्या बेरजेवर जाऊ नये, पहिल्या दोन प्रश्नांकडे नीट पाहावं: कशातच रस न वाटणं आणि मन उदास असणं. आणि गोळ्यांमुळे थकवा येतो असं वाटलं तरी आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तर अजिबात नाहीत, कारण त्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. फोन करणाऱ्याने ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून थांबू नये, त्याच फोनवर ‘केव्हा विचारणार’ हे ठरवून घ्यावं.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

फोन करणारा कोण, त्याला हृदयरुग्णांबरोबरचं प्रशिक्षण आहे का, आणि आठही आठवडे तोच राहणार का? रुग्ण फोनवर ‘आत्ता छातीत दुखतंय’ म्हणाला तर काय करायचं हे लिखित स्वरूपात आहे का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर पुढे बोलूच नये. हृदय-पुनर्वसन केंद्राशी, म्हणजे जिथे देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात तिथे, कार्यक्रमाची देवाणघेवाण आहे का, हेही विचारावं. ज्यांना पुनर्वसन केंद्र उपलब्ध आहे त्यांनी आधी तिथे नाव घालावं. फोन-कार्यक्रम त्याची भर आहे, पर्याय नाही.

नुसतं ॲप घेतलं तर? रोज ठरावीक वेळी ‘आज कशाबद्दल कृतज्ञ आहात’ अशी सूचना येते, पहिले दहा दिवस उत्साह असतो, मग तीच तीन उत्तरं फिरून फिरून येतात. ‘चार का, दोन का नाही’ हे विचारून पुढची चार मिनिटं गप्प ऐकणारं तिथे कुणी नसतं. ज्याला फोनवर बोलायचा खरोखर संकोच आहे, त्याने वही आणि घरातला एक ऐकणारा माणूस असा जोड लावावा, आठवड्याचा एक वार ठरवून.

आठ आठवड्यांनंतर काय, इथे बरेच कार्यक्रम हात काढून घेतात, आणि नेमकं तेव्हाच माणूस कामावर परतलेला असतो, चालण्याची वेळ हातातून निसटत असते. ठरावीक फोन संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने दोन-तीन पाठपुराव्याचे फोन असतील असाच कार्यक्रम निवडावा. त्या फोनमध्ये नवा व्यायाम देऊ नये. आठपैकी ज्या दोन व्यायामांना सर्वांत जास्त गुण मिळाले होते ते वहीतून काढावेत, आठवड्याची चालण्याची मिनिटं विचारावीत, आणि ती 150 च्या खाली आली असतील तर कोणत्या वारी काय आडवं आलं, इतक्या बारकाईने बोलावं.